सर्वांत जवळची

रेक्सम. वॉर्डाच्या दाराशी कॉफीचं यंत्र,
हल्ली नुसतं गरम पाणी देतं.

कायद्याच्या यादीत आधी बायको. ती नाही.
मग मूल. तेही नाही.
मग आईबाप, त्यांत जो वयाने मोठा.
ग्विल्यम दोन वर्षांनी धाकटा, म्हणून
ग्लेनिस सर्वांत जवळची.

तिने चार ओळी लिहून दिल्या
तर बहात्तर तासांनी एम्रिस घरी.
डॉक्टरांनी अडवलं नाही, तर.

एम्रिस तिच्याशी बोलत नाही.
पोलीस तिनेच बोलावले होते, फेब्रुवारीत,
तो पुलावर अनवाणी होता तेव्हा.

पेनाचं टोपण ती दातांनी काढते.
तारीख घालते.
पुढचं तिला पाठ आहे.

काचेपलीकडे तो
दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला
खुर्ची ओढून देतोय.