साडेसातला भाकरी संपते

मार्च लागला की आमच्या ऑफिसात
संध्याकाळ होतच नाही.
सहानंतर एकदम साडेनऊ वाजतात
आणि जिन्यात कुणीतरी म्हणतं, चला, उद्या बघू.

घरी गॅस थंड. पिठाचा डबा ओट्यावरून
माझ्याकडे बघतो,
आम्ही थकबाकीदाराकडे बघतो तसा.

सगळं करून पाहिलं मी.
मॉलमधली पाकिटं : उकळत्या पाण्यात पाच मिनिटं धरा.
पालक बाहेर येतो, पनीर बाहेर येतं,
चव बहुतेक पाकिटातच राहते.
स्टँडसमोरच्या खानावळीत तवंग असा
की त्यात कुंकू नीट करून घ्यावं,
खाली नुसतं लाल पाणी.
राजारामपुरीत एका ठिकाणी वांगं गोड निघालं.
कोल्हापुरात, गोड वांगं!
भांडायचंही त्राण नव्हतं. पैसे दिले, उठले.

मग एकदा चपलेचा अंगठा तुटला.
शिवता शिवता यल्लाप्पामामांनी विचारलं,
"जेवलासा काय?"
नाही म्हटल्यावर दाभणाचं टोक गल्लीकडं केलं.
"गिरणीच्या मागं. चौगुलेवैनी.
साडेसातला भाकरी संपती. पळा."

खिडकी फोटोच्या फ्रेमएवढी.
आत दोन शेगड्या, तीन बायका,
आणि परातीतला तो आवाज,
कुणी कुणासाठीच नाही अशा टाळ्या वाजवतंय तसा.
पाटी नाही. डबा आपला आणायचा.
"तिखट कसं? घरचं का पावण्यांचं?"
घरचं, म्हटलं मी.

तेव्हापासून रोज सातला साहेबांकडे
चहासाठी म्हणून दहा मिनिटं मागते,
लक्ष्मीपुरीतून पळत जाते, पळत येते.
डबा टेबलाखाली, पायाशी.
कुणाकुणाची विवरणपत्रं भरताना
नडगीला ऊब लागते.
भाकरीवर बोटांचे ठसे असतात. चारच.
पाचवा का नाही, हे आठवड्यानं कळलं :
वैनींची करंगळी वाकत नाही.

रविवारी आईचा फोन, गडहिंग्लजहून.
"आज काय?"
"अख्खा मसूर, भाकरी."
केलं हा शब्द मी गाळला. आईनं ऐकला असावा.
"शिट्ट्या किती दिल्यास?"
"तीन."
"आणि कांदा?"
"भाजून."
असा महिनाभर मी तिला
दुसऱ्याच बाईचा स्वयंपाक सांगितला,
खिडकीतून दिसला तेवढा,
उरलेला मनानं.

एकतीस तारीख गेली. दोन दिवस झोपले.
मग न कळवताच गडहिंग्लजची एसटी धरली.
दुपारी एकला आईच्या ओट्यावर
एक स्टीलचा डबा. झाकणावर
लाल नेलपॉलिशनं लिहिलेलं : १४.

आई पदर पुढं करायला गेली, मग राहिली.
"बोटं धरतात गं. पीठ मळवत नाही.
दोन वर्षं झाली. सुताराची सून देती.
मीठ जरा सैल हाताचं आहे तिचं."
"आणि मला शिट्ट्या विचारायचीस?"
"तू सांगत होतीस. मी ऐकत होते."

चौदा नंबर आम्ही दोघींत खाल्ला.
मीठ खरंच जास्त होतं.
आईनं ताक वाढलं, तेवढं मात्र तिचं,
रवीनं घुसळलेलं, दोन्ही तळव्यांत दोरी धरून,
बोटं न वापरता.

स्टँडवर सोडायला आली तेव्हा
एसटीच्या खिडकीशी मान वर करून म्हणाली,
"तुझी ती बाई मसुरात
खोबरं भाजून घालती का कच्चं?"

मी बाईचं नाव कधी काढलंच नव्हतं.

गाडी सुरू झाली. विचारून सांगते, म्हटलं मी,
उद्या साडेसातच्या आत
पोचले तर.