खोली

एकतीस ऑगस्ट. रात्री बाराला बाजार बंद.
सेनेन माझ्या टेबलावर कोपरं टेकून म्हणतो,
आक्रमणाला खोली नाही, मारिसा.
उनाईच्या गुडघ्याचा भरवसा नाही
आणि त्याच्यामागे कोण, तर एतेल्विनाचा नातू,
सतराचा, गोल समोर दिसला की डोळे मिटतो.
एक फॉरवर्ड हवा. स्वस्त नको म्हणूस,
परवडणारा म्हण.

मी वही उघडते.
वहीला कळतं ते एवढंच: बसचं डिझेल,
स्टँडच्या पत्र्याचे थकलेले दोन हप्ते,
नाताळच्या लॉटरीची गेल्या वर्षी न खपलेली तिकिटं,
आणि खाण बंद पडल्यापासून
दर वर्षी गळणारे चाळीस-पन्नास सभासद.
काहींच्या नावावर फुली मीच मारलीय,
दफनाहून परतल्यावर, बूट न काढता.

खालच्या ओळीत उरतात महिना सहाशे युरो.

एजंट फोनवर नावं सांगत जातो,
बाजार उठता उठता उरलेल्या पाल्यासारखी:
उंच आहे, पण वळायला वेळ लागतो.
चपळ आहे, जानेवारीपर्यंत घोट्यात स्क्रू आहेत.
हा चांगला आहे, पण याची बायको डोंगरात राहणार नाही.
मग आवाज उतरवून:
आदेरितु. तेहतीस पूर्ण. सध्या कुणाचाच नाही.
केप व्हर्देचा. त्याचा मामा तुमच्याच खाणीत होता म्हणे.

अकरा चाळीसला तो दारात उभा,
एक बॅग, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बूट.
करार वाचलाच नाही त्याने.
सहाशेवर बोट ठेवलं, मान हलवली,
मग विचारलं, खोली मिळेल?

सेनेन खिडकीकडे वळून हसला.
मी कशीबशी सही पुढे सरकवली.
आहे, म्हटलं. बेकरीच्या वर. जिना अरुंद आहे.

त्यानंतरचं वहीत आहे.
सप्टेंबर: अकरा मिनिटं.
ऑक्टोबर: शून्य.
नोव्हेंबर: चार, त्यातली दोन भांडणात गेली.
उनाईचा गुडघा घोड्यासारखा पळतोय.
अडीनडीला म्हणून आणलेल्या माणसासाठी
अडच येत नाही, नडही नाही.
मी एकदा भागाकार करून पाहिला,
मिनिटाला किती पडले.
आकडा आला, तो मी खोडला.

एतेल्विना सांगते, पहाटे चारला भट्टी पेटते,
त्याची फरशी गरम होते, तो उठतो,
खाली येऊन पीठ चाळायला बसतो, न सांगता.
मग शिळे पाव घेतो
आणि पोराच्या तोंडावर फेकतो, एकेक.
डोळे मिटलेस तर परत.
परत.
मी ओरडते अन्नाची नासाडी म्हणून,
दोघंही ऐकत नाहीत.

डिसेंबरचा दुसरा रविवार. बर्फ मैदानाच्या कडेला लोटलेलं.
त्र्याऐंशीव्या मिनिटाला सेनेनने बाकाकडे पाहिलं.
आदेरितुने जॅकेटची चेन खाली ओढली, अर्ध्यावर थांबला,
आणि शेजारच्या पोराला कोपराने ढोसलं.
तू जा.
सेनेन काही बोलला नाही. मीही नाही,
मी तर तिकिटांच्या गल्ल्यामागे होते.

पोराने चेंडू बारवर मारला.
बार इतका वाजला की वरच्या गल्लीतला कुत्रा भुंकला.
आम्ही एक-शून्यने हरलो,
पण त्याचे डोळे उघडे होते, मला गल्ल्यावरून दिसले,
मोठेच्या मोठे, उघडे.

जानेवारीत बाजार पुन्हा उघडतो.
सेनेन विचारतो, अजून परवडतोय का?
मी वही चाळते, पुढे, मागे.
या वहीला रकाने सहाच.
बेकरीच्या वर दिवा लागलाय,
चारला अजून पाच मिनिटं आहेत,
मी अजून इथेच, बेरजेत.