भडंगचं ऑपरेशन

गणपती पेठेतल्या दुकानदारानं
दोन्ही माद्या म्हणून दिल्या.
तेजलनं एकीचं नाव बेदाणी ठेवलं, दुसरीचं भडंग.
पंधरा दिवसांत भडंगनं शेपटी उचलून
आपण कोण ते दाखवून दिलं.

बाबासो हळदीच्या गोदामात हमाल.
पोत्यांमागं चिकट पुठ्ठे लावायचं कामही त्यांचंच,
सकाळी त्यावर काय काय चिकटलेलं असतं ते घरी सांगत नाहीत.
घरी येतात, हात धुतात,
हळद काही निघत नाही,
पिवळ्या बोटांनी बेदाणीला शेंगदाणा देतात.

एक पिंजऱ्यात, एक तांदळाच्या रिकाम्या डब्यात,
असे चार दिवस काढले.
रात्रभर कुरतडणं.
तेजल म्हणाली, एकटं ठेवलं की झुरतात गं ते.

मग मिरज. एसटीत मांडीवर चपलांचा खोका,
भोकं पाडलेला.
शेजारीण म्हणाली, काय हाय त्यात?
म्हटलं, कोंबडीची पिल्लं.

डॉक्टर मगदूमबाईंनी त्याला सोनाराच्या काट्यासारख्या
इवल्याशा काट्यावर ठेवलं.
म्हणाल्या, करायलाच पाहिजे असं काही नाही.
दोन्ही नर असते, गोडीनं राहत असते,
तर मी हातसुद्धा लावला नसता.
मादीचं केलं तर पुढं गाठींची भीती कमी,
पण पोट उघडायचं, एवढ्याशा जिवाला भूल.
नराचं त्यामानानं सोपं.
केल्यावरही तीन-चार आठवडे वेगळंच ठेवा.
घरी जा, विचार करा.
घाई नाही.

बाबासो फरशीकडं बघत होते.
नराचं कशाला पण, म्हणाले,
उगं त्याच्या जिवाला.

तेजल दीड वर्षाची होती, धाकटी चाळीस दिवसांची,
तासगावच्या शिबिरात सतरंजीवर आम्ही अकराजणी.
तिथले डॉक्टरही म्हणाले होते, पुरुषाचं सोपं असतं.
सासूबाई म्हणाल्या, तो पोती उचलतो.
झालं.
घाई होती. जीप पाचला परत जाणार होती.
आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा घोट नाही
आणि छाती दुधानं दगड झालेली.

मी विचारलं, ह्याला उपाशी आणायचं का?
मगदूमबाई हसल्या.
उंदराला ओकता येत नाही, खाऊ दे की पोटभर.
का कोण जाणे, मला हेच लागलं.

नराचं करा, म्हटलं मी.
एवढ्या मोठ्यानं म्हटलं
की बाहेर म्हशीच्या औषधाला आलेला माणूस
उठून उभा राहिला.

गुरुवारी झालं. दोन टाके.
बाबासोंनी आपला जुना बनियन फाडून अंथरला,
तेजलनं दह्याचं बोट चाटवलं.
धाकटी म्हणाली, आता ह्याचं नाव बदलायचं का?
कुणी हसलं नाही. मग सगळेच हसलो.

रात्री दोनला जाग आली.
अंथरुण रिकामं.
पिंजऱ्यापुढं बाबासो उकिडवे,
एक हात कमरेवर, त्याच, पोती उचलणाऱ्या,
आणि हलक्या आवाजात, 
दुखतंय का रं?

मी कूस नाही बदलली.
सोळा वर्षं झाली त्या सतरंजीला.
प्रश्न उंदराला होता,
उत्तर मी दिलं, ओठ न हलवता:
थंडीत दुखतं.
पाण्याची कळशी उचलताना दुखतं.