नशीब चार

मनामा, जुलै. खिडकीतला एसी घरघरतोय.
तो चालू असला की कॅसेट चढत नाही,
व्होल्टेज ढेपाळतं आणि अकराव्या मिनिटाला
अख्खं अंतराळयान गचकतं.
म्हणून रात्रपाळीहून आलेले बाबा घोरायला लागले
की शलाका दबक्या पावलांनी एसी बंद करते.

टेपरेकॉर्डर किंचाळतो, उशीखाली दाबलेला.
अठरा मिनिटं. घाम कोपरावरून कीबोर्डवर.
आम्ही निघालोय एका बर्फाच्या ग्रहाकडे.

पाच जणांचा ताफा. नावं आपण द्यायची,
ताकद, अक्कल, नशीब मशीन देणार.
कप्तान शलाका. डॉक्टर मी.
नेमबाज खालच्या मजल्यावरचा यूसुफ.
वाट दाखवणारी आई,
जी चार वर्षांत सूकपर्यंतही एकटी गेलेली नाही.
मेकॅनिक: पुंडलिक. ताकद पंधरा, अक्कल सोळा,
नशीब चार.

"कुणाचं चार?"
बनियन भिजलेलं, डोळे लाल, बाबा दारात.
ओरडले नाहीत. उकिडवे बसले पडद्यापाशी,
स्वतःचं नाव वाचत.
"परत टाकता येतं का दान?"
नाही येत, बाबा. पडलं की पडलं.
"असू दे. इथवर चारवरच आलोय."

मग सवयीनं उठले, एसीचं बटण दाबलं.
दिवा मिचकला. बर्फ, ताफा, कप्तान, सगळं गेलं.
काळ्या पडद्यावर एकटा कर्सर लुकलुकत राहिला.

आम्ही गप्प. त्यांचा हात अजून बटणावर.
खट्. घरघर थांबली.
"घे ती फीत मागे," म्हणाले,
आणि सतरंजीवर आमच्या मधे
सरकवून घेतली जागा.