उशाशी

यादी रात्री बारापर्यंत लॉक करायची आहे.
लॅपटॉप उघडा, नाना पेठेत, बाबांच्या गॅरेजच्या काउंटरवर,
कीबोर्डवर ग्रीस नको म्हणून मी ओढणी पसरलेली.
मावशीचा फोन येऊन गेला: स्किन घे गं,
रात्री-अपरात्री कुणाला पुटकुळ्यांची घाई नसते.
खरंय तिचं.

इंगवळे सर म्हणाले, ट्रॉमाच करायचंय ना, मग सर्जरी.
पोट उघडल्याशिवाय काही कळत नाही.
ऑर्थोचा नचिकेत म्हणाला, हाडं प्रामाणिक असतात,
तुटली तर फिल्मवर सरळ सांगतात, तुटलो.
न्यूरोच्या मॅडम काहीच म्हणाल्या नाहीत,
घड्याळ काढून ॲप्रनच्या खिशात टाकलं
आणि पुढच्या पेशंटच्या डोळ्यांत टॉर्च मारला.

कात्रजच्या उतारावर कंटेनरनं गाड्या ढकलल्या तो मंगळवार.
ससूनच्या कॅज्युअल्टीत एकदम सातजण.
कुणाला आधी, कुणाला नंतर, हे मोठे ठरवत होते.
माझ्या हातात अँबू बॅग आली: दाबत राहा.
स्ट्रेचरवर सुयोग ढमढेरे, खिशातल्या आयकार्डावर हसणारा.
मी त्याच्या उशाशी.
दाब, सोड.
दाब, सोड.
सीटीपर्यंत, लिफ्ट बंद म्हणून रॅम्पवरून,
थोपटे सिस्टर सलाइन उंच धरून उलट्या चालत,
गफूरमामा वाकड्या चाकाला शिव्या घालत.
बावन्न मिनिटं त्याचा श्वास माझ्या मुठीएवढा होता,
आणि माझी मूठ लहान आहे.
त्याच्या भुवईत काचेचा एक कण चमकत होता,
तो काढायला तिसरा हात नव्हता.

थिएटरच्या दारात एका बाईंनी बॅग माझ्याकडून घेतली,
झोपलेलं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तशी,
एकही श्वास न चुकवता.
मास्कच्या वर नुसते डोळे.
"जा, पाणी पी."
नाव विचारायचं राहिलं.

अकराव्या दिवशी त्याच्या आईनं
सर्जनच्या पायावर डोकं ठेवलं, ऑर्थोला पेढे दिले,
एक मलाही, "आपण कोण?" असं विचारत.
त्या बाईंना कुणी पेढा दिला का, माहीत नाही.

महाभारतात उशाशी बसणारा हरतो.
देवाची नजर आधी पायथ्याशी जाते.
जात असेल.
पण देव तेव्हा नुसता झोपला होता,
श्वास त्याचा तो घेत होता.

भूल देणं, भूल पडणं, भूल होणं.
एवढ्याशा शब्दात किती घोळ करून ठेवलेत आपण.
तिन्हींची भीती वाटते मला, तिसऱ्याची जास्त.

बाबा एका चेपलेल्या गाडीपुढे उकिडवे.
हँडल वाकडं, टाकीला पोचा, दिवा लोंबतोय.
काय काय करावं लागेल, मी विचारते.
"बॉडीचं नंतर," ते मान वर न करता,
"आधी कार्ब्युरेटर. हवा जाते का बघू."

अकरा चाळीस.
चौथ्या नंबरवरचा पर्याय मी वर ओढते,
तिसरा, दुसरा,
मध्येच सर्व्हर गरगरत राहतो,
बाबा पान्हा मागतात, मी देते, दहाचा नाही, बाराचा.
नंतर बदल करता येणार नाही, खात्री आहे?
असं पडदा विचारतो.
नाही, म्हणजे खात्री नाही.

दाबलं.
सोडायला जरा वेळ लागला.