तिसरा कप्पा

आर्वीत, पुलगाव रोडला, कृषी केंद्राला लागून
माझं हेल्थ शॉप. आधी झेरॉक्स होतं.
अजून कोणी आधार कार्ड घेऊन आत येतं,
काचेतले डबे बघतं
आणि मी आजारी असल्यासारखं हळूच परत जातं.

वरचा कप्पा पोलीस भरतीच्या पोरांचा.
मैदान मारून येतात, घामानं निथळत,
प्रोटीनचा डबा हातात तोलतात,
पाच जणांत एक घेतात.
दुसरा कप्पा शुगरवाल्यांचा.
तिसरा, गुडघ्याच्या उंचीवर,
मेहुण्यानं नागपूरहून पाठवलेला:
सोयाचं दूध, बदामाचं दूध, काजूचं म्हणे चीज,
आणि फ्रिजमध्ये, थंड्या बाटल्यांमागे लपलेला टोफू.
सगळ्यांवर हिरवं पान आणि एक शब्द
जो मी महिनाभर 'वॅगन' वाचला,
मालगाडीची असते तशी.

सात महिन्यांत त्या कप्प्यावरचं
एकच पाकीट गेलं, जवसाचं,
तेही परत आलं.
चंद्रभागाबाई टेकाम शंभर ग्रॅमचा भाव ऐकून
इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.
"बाप्पा! जवसच हाय ना हा?
माह्या कोठीत लोळते."
पुढच्या बाजाराला चटणी घेऊन आली,
लसूण घातलेली, पेपरच्या पुडीत.
"ठेव तुह्या कप्प्यात. लाव पान."
तेव्हापासून दर बाजाराला आणते.
मीच खातो.

परवा दिवे लागल्यावर, शटर अर्धं खाली,
नीळकंठ गुल्हाने वाकून आत आले.
वाढोण्याचं दूध संकलन त्यांच्याकडे,
बावीस वर्षं फॅट लावतात, पावती फाडतात.
तोंडाला दुपट्टा. बँक लुटायला आल्यासारखे.
"कांचन आली पोळ्याले.
चहाले हात लावत नाही. पुरनपोळी कोरडी खाल्ली.
तिच्या मायनं भांडे आदळले, मी गप.
पुन्यात म्हने एक दूध भेटते, जनावराबिगर.
तुह्याजोळ हाय काय?"

मी खोकं पुसून दिलं. धूळ होती.
चष्मा कपाळावर चढवून, खोकं नाकाशी धरून
त्यांनी बारीक अक्षर वाचलं.
"सोयाबीन."
मग शटरखालून रस्त्यापलीकडे बघत राहिले,
तिथे अंधारात तेच उभं होतं, शेंगा भरत आलेलं.
"याचं कुटार आमची म्हैस खाते,
दाना हे पोरगी पेते.
मधातली म्हैस तेवढी काढली हिनं."

रागावले की हसले, कळलं नाही.
"उघड एक."
शेकरच्या पेल्यात ओतलं.
खिशातून लॅक्टोमीटर निघाला, रुमालात गुंडाळलेला,
दुसऱ्यांच्या खिशात चावी असते तसा.
सोडला. बुडला, वर आला, डोलत थांबला.
ते वाकले, एक डोळा मिटून.
"किती?" मी विचारलं.
सांगितलं नाही.
"पानी नाही टाकलं कोनी," एवढंच म्हणाले,
आणि हात आपोआप पावतीपुस्तकाकडे गेला.
नाव: कांचन नीळकंठ गुल्हाने.
खाली छापलेलं: गाय / म्हैस.
पेन तिथे बराच वेळ टेकलं,
शाईचा ठिपका मोठा झाला.

मग आम्ही मागच्या गॅसवर चहा ठेवला.
पहिला फाटला.
दुसऱ्यांदा दूध आधी, चहा वरून, जरा निवू देऊन.
नाही फाटला.
त्यांनी बशीत ओतून प्यायला, चव घेत,
जशी बाजारात दुसऱ्याची म्हैस बघतात.
"आठ दिवस हाय ते," म्हणाले,
आणि बोटांवर हिशेब केला:
दिवसाला दोन कप, रविवारी तीन.
भाव केला नाही.
खोकी दुपट्ट्यात बांधली, तोंड उघडंच राहिलं.
मी वरून चटणीची पुडी ठेवली.
त्यांनी हुंगली. "हे तं चंद्रभागेची."

मोटरसायकल सुरू व्हायला तीन लाथा लागल्या.
दोन्हीकडे बांधलेल्या रिकाम्या कॅन
वळणापर्यंत ऐकू येत होत्या.