सुकती

अकरा वर्षं मी फळ्यावर तिवराचं झाड काढते आहे.
पानं हिरव्या खडूनं. तपकिरी खडू कधीच नसतो
म्हणून मुळं लाल, पेन्सिलीसारखी, टोकं वर,
आणि शेजारी लिहिते : श्वसनमुळे.
मग हात झटकते.

एवढी वर्षं खाडी होती
पाम बीच रस्त्यापलीकडे, एका सिग्नलवर.

यंदा संमतीपत्रं वाटली. बेचाळीस गेली, एकोणतीस आली.
मुख्याध्यापकांची अट : मुलं पाण्यात उतरणार नाहीत.
वेळ ठरवली रिद्धेश तांडेलच्या आजोबांनी, मोबाइल न बघता :
"पंचमीला या. दहाला पुरी सुकती."
आणि नेमका रिद्धेशच त्या दिवशी तापानं घरी.

सारसोळेच्या जेट्टीशी पाणी नव्हतंच.
चिखल होता, चकचकीत, पार लांबवर.
अटीत चिखलाचा उल्लेख नव्हता.

आधी सगळ्यांनी नाकं धरली.
मग शबनूरचा पाय पोटरीपर्यंत आत गेला.
ती किंचाळली, हसली, एकदम गप्प झाली,
म्हणाली, "बाई, आत गार आहे."
त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही.

निरीक्षणाचे तक्ते मी सुरेख आखले होते.
प्राणी. संख्या. शेरा.
निवट्या मोजायला जावं तर टुणकन बिळात;
सोहननं संख्येच्या रकान्यात लिहिलं, "थांबत नाहीत."
एका खेकड्याची एकच नांगी मोठी,
ती हलवून तो कुणाला तरी बोलवत होता.
आमच्यातल्या सहा जणांनी उलट हात केला.

मी वाकले आणि एक मूळ धरलं,
पहिल्यांदाच.
कडक असेल वाटलं होतं.
बोटांना स्पंजासारखं लागलं, दाबलं तर दबणारं.
हे खडूनं कसं काढायचं?

माझी डावी चप्पल अजून तिथेच आहे.

काल घटक चाचणी तपासली. प्रश्न चौथा, गुण तीन :
तिवराची मुळे जमिनीबाहेर का येतात?
शबनूरनं लिहिलंय,
"कारण खाली कोंडतं. माझा पाय अडकला
तेव्हा मलापण वर यावंसं वाटलं. मी बाईंचा हात धरला.
मुळं हात मागत नाहीत. आपली आपण येतात."

नमुना उत्तरात प्राणवायू हा शब्द आहे.
हिच्या उत्तरात नाही.

तीन दिले.
पर्यवेक्षकांनी विचारलंच तर सांगेन,
पुढल्या पंचमीला या, दहाच्या आत.
चपला जुन्या घाला.